सालीखालचा काळा भुंगेरा : आधी ओळख, मग निवाडा

बीड जिल्ह्यात वाळलेल्या बाभळीची किंवा कडुनिंबाची साल ओढली की खालून हमखास काहीतरी पळते. त्यात एक काळा किंवा गडद तपकिरी, कडक पाठीचा भुंगेरा असतो. तो फार घाईत नसतो. उजेड पडला की सावकाश सालीच्या दुसऱ्या टोकाकडे सरकतो, नाहीतर पाय आखडून मेल्यासारखा पडून राहतो. अशा वेळी आपल्या घराघरांत दोनच निवाडे दिले जातात. एक, "विषारी असेल, चिरड." दुसरा, "यानेच झाड खाल्ले."

बहुतेक वेळा हे दोन्ही निवाडे चुकीचे असतात. तरी त्यांच्या जोरावर आपण औषध फवारतो, सावली देणारे झाड तोडतो आणि खऱ्या गुन्हेगाराला मोकळे सोडतो. याच भुंगेऱ्याचा एक धाकटा भाऊबंद आपल्या पिठाच्या डब्यात राहतो. त्याला मारण्यासाठी काही घरांत अशी गोळी आणली जाते की ती माणसांचाही जीव घेते. म्हणून हा विषय फक्त विज्ञानाच्या तासापुरता नाही. अम्मी, दादी, शेतात जाणारे अब्बा आणि शाळेत जाणारी मुले, सर्वांनी मिळून वाचावे असे यात काही आहे.

नाव आणि खानदान

या भुंगेऱ्यांच्या कुळाला शास्त्रात 'टेनेब्रिओनिडी' म्हणतात. लॅटिन भाषेत 'टेनेब्रिओ' म्हणजे अंधार आवडणारा. मराठीत या कुळाला सर्वांच्या तोंडी असलेले एक नाव नाही. आम्ही वर्गात त्यांना 'काळोखी भुंगेरे' म्हणतो, म्हणजे मुलांच्या लक्षात राहते. जगात या कुळाच्या सुमारे २०,००० जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्या वाळवंटात, जंगलात, शेतात, वटवाघळांच्या गुहेत, कोंबड्यांच्या खुराड्यात आणि गोदामात राहतात. झाडाची सुटलेली साल ही त्यांची एक जुनी वस्ती आहे. तिथे ऊन लागत नाही, ओल टिकते, आणि खायला कुजके लाकूड व बुरशी मिळते.

भुंगेऱ्यांकडे लक्ष देणे ही काही आजची किंवा परक्यांची गोष्ट नाही. अरबीत काळ्या भुंगेऱ्याला 'खुन्फसा' म्हणतात. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल-जाहिझ यांनी 'किताब अल-हयवान' हा प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. चौदाव्या शतकात इजिप्तच्या अद-दमीरी यांनी प्राण्यांचा कोशच रचला. उंट-घोड्यांबरोबर मुंगी, माशी आणि भुंगेरेही त्यांनी विचारात घेतले. क्षुद्र वाटणाऱ्या जीवाकडे नीट पाहण्याची ही सवय आपल्याच वारशातली आहे.

भिंग घ्या, पाच गोष्टी पाहा

ओळखीसाठी फार सामान लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे भिंग, झाकणाची पारदर्शक डबी आणि एक पट्टी पुरे. मोबाईलचा कॅमेरा जवळून चित्र घेत असेल तर आणखी सोय होते.

पहिली गोष्ट पाठ. भुंगेऱ्याचे वरचे दोन पंख कडक कवचासारखे असतात आणि पाठीच्या मधोमध सरळ रेषेत मिळतात. झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात. ढेकणाच्या वर्गातल्या कीटकांच्या पाठीवर त्रिकोण आणि फुलीसारखी आकृती दिसते. सरळ रेषा दिसली तर तो भुंगेरा, एवढे नक्की झाले.

दुसरी गोष्ट मिशा. काळोखी भुंगेऱ्यांच्या मिशा बहुधा तस्बीहच्या मण्यांसारख्या दिसतात, गोल गोल मणी ओवल्याप्रमाणे. साधारणपणे एका मिशीत ११ मणी असतात. काहींच्या टोकाकडचे मणी जाड होत जातात. शिवाय मिशी जिथून उगवते ती जागा वरून पाहिल्यास दिसत नाही, डोक्याच्या कडेची छोटी पडवी ती झाकते. आमच्या मुलांना ही खूण सर्वांत आधी कळते.

तिसरी गोष्ट डोळा. तो पूर्ण गोल नसतो. डोक्याची तीच कडा डोळ्यात पुढून घुसते, म्हणून डोळा राजम्याच्या दाण्यासारखा, मध्ये खाच पडलेला दिसतो.

चौथी गोष्ट पाऊल, आणि हीच सर्वांत भरवशाची. कीटकाच्या पायाच्या शेवटी लहान लहान पेरांचे पाऊल असते. काळोखी भुंगेऱ्याच्या पुढच्या पायांना ५, मधल्या पायांना ५ आणि मागच्या पायांना ४ पेरे असतात. ५-५-४ हा हिशेब पाठ करून ठेवावा. जिवंत भुंगेरा हलत असतो, म्हणून तो काचेच्या डबीत ठेवून खालून पेरे मोजावीत. मेलेला सापडला तर काम आणखी सोपे.

पाचवी गोष्ट पोट. उलटा केल्यावर पोटावर पाच पट्ट्या दिसतात. त्यातल्या पहिल्या तीन एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात, शेवटच्या दोन मोकळ्या हलतात.

वागणुकीवरूनही अंदाज येतो. बरेच काळोखी भुंगेरे संथ चालतात. काही छेडल्यावर डोके खाली, शेपूट वर करून उभे राहतात आणि उग्र वासाचा रस सोडतात. हा वास त्यांचे संरक्षण आहे. बोटाला लागला तर त्वचेवर तपकिरी डाग पडू शकतो, म्हणून हात साबणाने धुवावेत आणि डोळे चोळू नयेत.

नकली चेहरे

सालीखाली इतरही काळे पाहुणे असतात. त्यांना वेगळे काढता आले की ओळख पक्की झाली.

जमिनीवरचा शिकारी भुंगेरा दिसायला यांच्याजवळचा, पण तो झपाट्याने पळतो. त्याचे पाय लांब, जबडे पुढे आलेले, मिशा दोऱ्यासारख्या बारीक. त्याच्या पावलांचा हिशेब ५-५-५. हा अळ्या आणि लहान कीटक खातो, म्हणजे शेतकऱ्याचा मित्र.

'टिक' असा आवाज करून उताणा असताना हवेत उडी मारणारा लांबट भुंगेरा वेगळ्या कुळाचा. त्याचाही हिशेब ५-५-५.

अंगाइतक्या किंवा त्याहून लांब मिशांचा भुंगेरा दिसला तर तो खोडकिड्याचा प्रौढ असण्याची शक्यता आहे. हा मात्र झाडाचा खरा शत्रू.

ज्याच्यापासून जपायला हवे तो आणखी वेगळा. पावसाळ्यात भेंडी, मूग, तुरीच्या फुलांवर काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला मऊ पंखांचा भुंगेरा बसतो. उर्दूत त्याला 'तेलनी मक्खी' म्हणतात आणि युनानी वैद्यकात त्याचा उल्लेख येतो. त्याच्या अंगातल्या 'कँथरिडिन' या द्रव्याने त्वचेवर फोड येतात, आणि पोटात गेले तर ते जीवघेणे ठरू शकते. गंमत अशी की त्याच्याही पावलांचा हिशेब ५-५-४ आहे, कारण तो काळोखी भुंगेऱ्यांचा दूरचा नातलग. म्हणून एकाच खुणेवर निवाडा देऊ नये. मऊ पंख, बारीक मान, भडक पट्टे आणि फुलावरचा मुक्काम, या खुणांनी तो वेगळा पडतो.

झाड कोणी मारले?

आता मुख्य आरोपाकडे येऊ. आठवीच्या एका मुलीने आम्हाला विचारले होते, "भुंगेरा झाडात आहे आणि झाड मेले आहे, मग त्यानेच मारले ना?" प्रश्न चांगला आहे. उत्तर शोधताना क्रम पाहावा लागतो. आधी कोण आले, झाडाचे मरण की भुंगेरा?

सालीखाली राहणारे काळोखी भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या बहुतेक करून मेलेले लाकूड, बुरशी आणि पालापाचोळा खातात. जिवंत झाडाची साल लाकडाला घट्ट चिकटलेली असते, तिथे यांना शिरायला जागाच नसते. झाड किंवा फांदी मेली, साल सुटली, की हे येतात. आपल्या मराठवाड्याने २०१२-१३ आणि २०१५-१६ ची दुष्काळी वर्षे पाहिली. पाण्यावाचून मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, बांधावरची जुनी झाडेही गेली. अशा झाडांच्या सालीखाली भुंगेरे सापडणारच. मय्यतीच्या घरी जमलेल्या लोकांवर खुनाचा आरोप करावा, तसा हा प्रकार आहे.

खऱ्या गुन्हेगाराच्या खुणा वेगळ्या असतात. खोडाच्या बुंध्याशी ताजा भुसा पडत असेल, भोकातून डिंक किंवा रस गळत असेल, तर आत खोडकिड्याची अळी आहे. ही अळी पांढरी, मऊ, जवळजवळ बिनपायांची असते आणि जिवंत लाकूड पोखरते. काळोखी भुंगेऱ्याची अळी पिवळसर तपकिरी, कडक, गोल तारेसारखी लांब असते आणि डोक्याजवळ तिला सहा छोटे पाय असतात. डाळिंब, पेरू, बोर, मोसंबी यांच्या खोडावर भुसा आणि विष्ठेच्या जाळीदार पट्ट्या लोंबत असतील तर ती साल खाणाऱ्या अळीची करामत. पट्ट्या झाडून, भोकात तार घालून अळी काढावी आणि भोक चिखलाने बुजवावे. खोडावर मातीचा लेप चढलेला असेल तर वाळवी. बुंध्याशी मुळे कुजली असतील तर बुरशी.

या खुणा न पाहता दिसेल त्या भुंगेऱ्यावर फवारणी केली तर पैसे जातात, शिकारी भुंगेरे मरतात, आणि खोडाच्या आत बसलेल्या अळीला काहीच होत नाही. महिन्याभराने झाड मरते आणि आपण म्हणतो, औषध नकली होते.

न्याय दोन्ही बाजूंनी करायला हवा. या कुळातले सगळेच निरुपद्रवी नाहीत. 'गोनोसेफॅलम' नावाच्या गटातले मातकट रंगाचे, अंगावर धूळ बसल्यासारखे दिसणारे भुंगेरे शेतात ढेकळांखाली राहतात आणि काही ठिकाणी कोवळी रोपे जमिनीलगत कुरतडतात. केरळमध्ये रबराच्या बागांत 'मुपली' नावाने ओळखला जाणारा 'लुप्रॉप्स ट्रिस्टिस' उन्हाळी पावसानंतर लाखोंच्या संख्येने घरात घुसतो. तो चावत नाही, पण चिरडला गेला तर त्याच्या रसाने त्वचेची आग होते. म्हणजे जात कोणती आणि ती कुठे आहे, यावर निवाडा अवलंबून असतो.

पिठाच्या डब्यातला भाऊबंद

आता स्वयंपाकघरात या. पिठात फिरणारा तांबूस, तीन-चार मिलिमीटरचा, चपटा किडा म्हणजे 'ट्रायबोलियम कॅस्टेनियम', पिठातला तांबडा भुंगेरा. आपल्याकडे पुष्कळ घरांत त्याला सुरसुरी म्हणतात. हाही काळोखी भुंगेराच. भिंगाखाली धरा, तोच ५-५-४ हिशेब, तीच खाच पडलेली नजर. माणसाने धान्य साठवायला सुरुवात करण्यापूर्वी त्याचे पूर्वज झाडाच्या सालीखाली राहत असावेत, असे शास्त्रज्ञ मानतात. या इवल्या किड्याचा जनुकीय नकाशा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व भुंगेऱ्यांत हा मान त्याला पहिल्यांदा मिळाला.

घरात पुष्कळदा सुरसुरी आणि सोंडे एकच समजले जातात. सोंड्याला पुढे सोंड असते. तो अख्ख्या गव्हा-ज्वारीच्या दाण्याला भोक पाडतो, त्याची अळी दाण्याच्या आत वाढते. तांबड्या भुंगेऱ्याला सोंड नाही. अख्खा, चांगला दाणा त्याला सहसा फोडता येत नाही. तो पीठ, रवा आणि फुटके दाणे खातो. म्हणजे सोंडे दिसले तर कोठीतले धान्य तपासा, सुरसुरी दिसली तर पिठाचा डबा आणि धान्यातली चुरी तपासा. ओळखीचा असा रोजचा उपयोग आहे.

मादी आयुष्यात तीनशे-चारशे अंडी घालू शकते. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्यापासून पूर्ण भुंगेरा व्हायला साधारण एक महिना लागतो. प्रौढ भुंगेरे फार झाले की त्यांच्या रसाने पीठ गुलाबीसर होते आणि उग्र वास येतो. असे पीठ चाळून वापरू नये, टाकून द्यावे.

गोळीचा धोका

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या कुटुंबांची घरे दिवाळीच्या आगेमागे बंद होतात ती उन्हाळा लागेपर्यंत. धान्य तेवढे दिवस पडून राहते आणि कीड लागते. मग कोणीतरी सांगते, गोळी ठेवा. ही गोळी बहुधा ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असते. हवेतल्या ओलाव्याने तिच्यातून फॉस्फिन नावाचा वायू सुटतो. गोदामात, ताडपत्रीखाली, जाणकार माणसांच्या हाती ती कीड मारण्यासाठी आहे. पण झोपायच्या खोलीतल्या कोठीत ठेवली तर वायू झाकणातून, दाराच्या फटीतून पसरतो. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी तोही जाणवत नाही. लहान मुलांवर परिणाम लवकर होतो. या वायूवर उतारा म्हणून कोणतेही खास औषध नाही. कुटुंबेच्या कुटुंबे रात्रीत दगावल्याच्या बातम्या देशभरातून वारंवार येतात. कायद्यानेही तिचा वापर सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित आहे. दुकानात मिळते म्हणून ती घरात वापरण्याजोगी ठरत नाही.

गोळी ठेवलेल्या घरात कोणाला मळमळ, उलटी, डोकेदुखी, छातीत दडपण किंवा दम लागणे असे झाले तर अन्नातून बाधा झाली असेल म्हणून थांबू नका. सर्वांना लगेच मोकळ्या हवेत न्या, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना गोळीबद्दल स्पष्ट सांगा.

त्यापेक्षा साधे उपाय खूप आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० अंशांवर जातो. धान्य पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली 'कट' आवाज करून फुटला की वाळला असे समजा. कोठी रिकामी करून कोपऱ्यातली जुनी चुरी झाडून काढा, कीड तिथेच तग धरते. नवे धान्य जुन्यात मिसळू नका. चाळून फुटके दाणे वेगळे करा. झाकण घट्ट असलेली पत्र्याची कोठी वापरा. दादी-नानीच्या काळापासून कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात, तो घालायला हरकत नाही, पण वाळवण आणि स्वच्छता यांची जागा तो घेत नाही. पीठ पंधरा दिवसांपुरतेच दळा. रमजानसाठी रवा, मैदा, बेसन आधी भरून ठेवायचे असेल तर पुडे चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरा, अंडी मरतात.

मुलांबरोबर पाहताना

सुट्टीत मुलांना घेऊन हा शोध जरूर करावा. आधी सुरक्षितता. सालीखाली आणि दगडाखाली विंचू, गोम असतात. आपल्या भागातला लाल विंचू धोकादायक आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून त्याच्या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले. ते मूळचे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातले. पण दंश झाल्यावर झाडफुंकीत वेळ न घालवता दवाखाना गाठला तरच त्या औषधाचा फायदा. म्हणून साल बोटांनी उचलू नये. काठीने, स्वतःपासून दूर उचलावी, पायात बूट असावेत. पडलेल्या फांद्याच पाहाव्यात, जिवंत झाडाची साल मुळीच सोलू नये. पाहून झाले की साल होती तशी ठेवावी, ते कोणाचे तरी घर आहे. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यासारख्या संरक्षित जागेत तर काहीच उचलू नये, फक्त पाहावे.

सापडलेल्या भुंगेऱ्याची चार चित्रे घ्यावीत : पाठ, पोट, डोके-मिशा आणि पाय. शेजारी पट्टी ठेवावी, म्हणजे लांबी कळते. वहीत तारीख, गाव, झाडाचे नाव, झाड जिवंत की मेलेले, आणि भुंगेरा काय करत होता हे लिहावे. एवढ्यावरून कुळ ओळखता येते. नेमकी जात ठरवायला मात्र तज्ज्ञ लागतात, कारण कित्येक जातींतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांतही जाणकार असतात. चांगली चित्रे आणि पूर्ण नोंद असेल तर त्यांना मदत करणे सोपे जाते. अर्धवट नोंदीला 'काळोखी भुंगेरा, जात ठरली नाही' असे लिहिणे हेही शास्त्रच आहे. अंदाजाने नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरे.

मुलांना सांगायला या कुळाच्या आणखी गोष्टी आहेत. आफ्रिकेच्या नामिब वाळवंटातला एक भुंगेरा धुक्याच्या पहाटे वाळूच्या टेकडीवर चढतो, डोके खाली करून उभा राहतो आणि अंगावर जमलेले धुक्याचे थेंब घरंगळून तोंडात येतात ते पितो. याच कुळातल्या 'टेनेब्रिओ मोलिटर'च्या अळ्या थर्माकोल खातात आणि त्यांच्या पोटातले जिवाणू त्याचे विघटन करतात, हे २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवले. पाण्याचा एकेक थेंब मोजणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना धुके पिणारा भुंगेरा लगेच आवडतो.

सालीखालच्या आपल्या भुंगेऱ्याचे काम याहून साधे आहे. मेलेले लाकूड तो थोडे थोडे खातो, त्याची माती होते आणि त्या मातीत पुढचे झाड उगवते. अल्लाहने नेमून दिलेले काम तो अंधारात मुकाट्याने करत असतो. पुढच्या वेळी तो दिसला की चप्पल उचलण्याआधी भिंग उचला आणि मुलांकडून पावलांची पेरे मोजून घ्या. आणि घरी जाऊन कोठीत कोणी गोळी ठेवली आहे का, ते त्याच दिवशी विचारा.